कोटाचा मालक

त्या सकाळी अब्बांनी मला सुई ओवायला दिली आणि मी ओवत होते तेवढा वेळ ते मुद्दाम रस्त्याकडे बघत बसले. आपल्याला सुई ओवता येत नाही हे त्यांना कबूल नव्हतं. त्यांच्या मते अलीकडे सुयांची भोकंच बारीक येऊ लागली होती.

अब्बा रफूगर होते. आमच्या घराची रस्त्याकडची खोली हेच त्यांचं दुकान. खिडकीखाली गादी, गादीवर ते, भिंतीला फळ्या आणि फळ्यांवर लोकांचे कपडे. पावती वगैरे काही नाही. कपडा न्यायला कुणी आलं की ते एकच विचारायचे, "फाटलं कुठं होतं ते सांगा." त्यांच्या हातून गेलेल्या कपड्यावर फाटल्याची खूण राहत नसे, त्यामुळे फाटलं कुठं होतं हे दोघांनाच ठाऊक असायचं, त्यांना आणि मालकाला. चुकीची जागा सांगणारा हात हलवत परत जायचा.

मी दुसऱ्या शहरात कॉलेजात शिकवते. सुट्टीला आले होते आणि स्टुलावर बसून पेपर तपासत होते. थंडी कडक होती. समोरच्या मुलींच्या शाळेच्या फाटकात वॉचमन हातावर फुंकर मारत उभा होता, अंगात नुसता खाकी शर्ट आणि त्यावर बनियनसारखं पातळ स्वेटर.

अब्बांनी सर्वांत वरच्या फळीवरून एक कोट काढायला लावला. गडद राखाडी, जाड लोकरीचा, आत रेशमी अस्तर. मी कॉलेजात शिकत होते तेव्हापासून तो तिथे होता.

"डाव्या बाहीवर बोट फिरव. सिगारेटचं भोक होतं. सापडतंय?"

मला सापडलं नाही. ते खूश झाले.

"आता हा देऊन टाकतो," ते म्हणाले, "समोरच्याला."

"अब्बा, तो तुमचा नाही."

"माझा नाहीच. म्हणून तर मालकाच्या नावानं देतोय. त्याच्या घरी दोनदा जाऊन आलो, कुलूप. शेजाऱ्यांना विचारलं, कुणाला पत्ता नाही. इमामसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, मालक यायची आशाच उरली नसेल तर त्याच्या नावानं सदका करा, दानाचा सवाब त्याला मिळेल. कसर खाऊन जाण्यापेक्षा कुणाच्या तरी अंगावर असू दे."

"आणि उद्या तो आला तर?"

"आला तर मर्जी त्याची. हो म्हणाला तर दान त्याचं. नको म्हणाला तर भरून द्यायचं मी, आणि मग दान माझं."

"आणि तुम्ही नसलात तर?"

"तू आहेस की," ते म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर हसले.

वॉचमनला त्यांनी आत बोलावलं. तो दारातच अवघडून उभा राहिला. अब्बांनी कोट त्याच्या हातात दिला आणि सांगितलं, हा एका साहेबांनी तुझ्यासाठी दिलाय, माझे आभार मानू नकोस, त्यांच्यासाठी दुआ कर. वॉचमननं विचारलं, साहेबांचं नाव काय. अब्बा म्हणाले, नाव कशाला, अल्लाला माहीत आहे.

दुसऱ्याचं देऊन टाकायची ही सवय मला नवी नव्हती. मी शाळेत असताना अम्मी गेली. आठवडा उलटायच्या आत अब्बांनी तिचे सगळे कपडे वाटून टाकले. तिची तपकिरी शालसुद्धा. त्या शालीला अजून तिच्या केसांच्या तेलाचा वास होता. ती दवाखान्याच्या दारात बसणाऱ्या एका बाईला मिळाली. पुढचे दोन हिवाळे मी शाळेत लांबच्या रस्त्यानं जायचे, कारण जवळच्या रस्त्यावर माझ्या आईची शाल दुसऱ्याच कुणाच्या खांद्यावर असायची. अब्बांनी मला विचारलं नव्हतं. मीही त्यांना कधी सांगितलं नाही.

दुपारी चहा घेताना ते सहज म्हणाले, "तुझा काही हक्क राहिलाय का गं माझ्याकडे? असला तर सांग. नंतर तक्रार नको."

असं ते सगळ्यांनाच विचारत, दूधवाल्यालासुद्धा. मी पेपरातून मान वर न करता म्हटलं, "हक्क कसला. चहा निवतोय."

दुसऱ्या दिवशी पहाटेची नमाज पढून ते जरा आडवे झाले. मी चहा घेऊन गेले तेव्हा मला वाटलं झोप लागलीय, म्हणून कप तसाच उशाशी ठेवला. चहावर साय धरली तरी ते उठले नाहीत.

*

दफनाआधी नमाजे-जनाजा पढतात, त्याच्या आधी चाचा उभे राहिले आणि घरचा माणूस जे सांगतो ते त्यांनी सांगितलं, की माझ्या भावावर कुणाचं काही देणं असेल, कुणाची अमानत त्याच्याकडे राहिली असेल, तर माफ करा, नाहीतर त्याच्या मुलीकडे या. मी बायकांमध्ये घरात होते. हे मला नंतर कळलं. माणूस कितीही भला असो, कुणाचा हक्क डोक्यावर घेऊन गेला तर तो तिथे अडकून राहतो, असं आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेलं. चाचांनी अब्बांची सुटका माझ्या दाराशी आणून ठेवली होती.

लोक येऊ लागले. मी सुट्टी वाढवून घेतली आणि दुकान उघडं ठेवलं. कुणी पँट मागितली, कुणी शेरवानी, कुणी लग्नातला शालू. मी प्रत्येकाला अब्बांसारखंच विचारत होते, फाटलं कुठं होतं. एक म्हातारे गृहस्थ फक्त एवढंच सांगायला आले, की बुद्धिबळाच्या एका डावात त्यांनी अब्बांना साफ हरवलं होतं आणि अब्बांनी ते मरेपर्यंत कबूल केलं नाही.

"माफ केलंत?" मी विचारलं.

"विचार करतोय," ते म्हणाले आणि डोळे पुसत गेले.

फळ्या रिकाम्या होत चालल्या तसा माझा जीव हलका व्हायला हवा होता. होत नव्हता. दारावर सावली पडली की माझं लक्ष आधी रस्त्यापलीकडे जायचं. तिथे तो कोट उभा असायचा. वॉचमननं कॉलर वर केलेली असायची आणि गळ्यात शिट्टी. मी मनाला समजवायचे, इतक्या वर्षांत कुणी आलं नाही, आता कोण येतंय.

ती आली तेव्हा सकाळची शाळा भरत होती. उंच, सडपातळ बाई, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले. चप्पल तिनं बाहेर काढली नाही, पायपुसण्यावर नीट पुसून आत आली. आपण टायपिंगचे क्लास चालवायचो, असं तिनं सांगितलं.

"तुमच्या वडिलांचं समजलं. वाईट झालं. माझ्या मिस्टरांचा एक कोट त्यांच्याकडे राहिलाय."

मी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "राखाडी. डावी बाही, मनगटाच्या जरा वर. सिगारेट. मी त्यावरून त्यांना दोन दिवस बोलत होते."

ती बोलत राहिली. कोट रफूला टाकला त्याच आठवड्यात त्यांचं दुखणं निघालं. उपचारासाठी मुलाच्या शहरात गेले, तिथेच राहिले, तिथेच ते गेले. ती आत्ताच इकडे परतली होती, जुनं घर उघडलं होतं. घरात त्यांचं म्हणून काही उरलं नव्हतं, सुनेनं आवराआवर केली होती.

"कोट तेवढा सुटला असेल म्हटलं," ती म्हणाली. "खांद्यांना त्यांचा आकार आला होता त्याच्या."

तिच्या मागे काचेपलीकडे तेच खांदे एका रिक्षाला थांबा म्हणून हात दाखवत होते.

"बघून ठेवते," मी म्हटलं. "वर बांधून ठेवलेले खूप गठ्ठे आहेत. उद्या येता?"

*

चाचा दुपारी आले. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली.

"नाही सापडला म्हण. विषय संपला."

"चाचा!"

"अगं, मेलेल्या माणसाची चूक झाकायची असते. उद्या गावभर होईल, रफूगर लोकांचे कोट वाटत होता म्हणून."

"आणि तिचा हक्क? तो अब्बांच्या मानेवर राहील."

"मग वॉचमनकडून परत आण. दुसरा घेऊन दे त्याला."

"दिलेलं परत?"

दिलेलं परत मागणं आमच्यात किती ओंगळ मानतात ते चाचांनीच मला लहानपणी शिकवलं होतं. "तू शिकलेली आहेस, तूच बघ," असं पुटपुटत ते उठले. घरातल्या अडचणीच्या वेळी माझं शिक्षण सगळ्यांना आठवतं.

तरीही संध्याकाळी मी रस्ता ओलांडून गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. कदाचित मागायलाच गेले होते. वॉचमन फाटकाला साखळी लावत होता. मला बघून त्यानं कोटाची बटणं घाईनं लावली, पाहुणा आल्यावर घर आवरावं तशी.

"ताई, रोज पहाटे अब्बांसाठी दुआ करतो," तो म्हणाला. "आधी कोटवाल्या साहेबांसाठी, मग अब्बांसाठी. अब्बांनीच सांगितलं होतं ना, आधी साहेब. नाव माहीत नाही, म्हणून नुसतं कोटवाले साहेब म्हणतो. चालत असेल ना? म्हणजे कोटवाले तर खूप असतील."

"चालत असेल," मी म्हटलं.

"हे बटण लटकतंय बघा. सुट्टीच्या दिवशी आणून देतो."

मी परत आले. त्या रात्री माझ्या मनात एकच घोळत होतं. हे तिला सांगितलं तर ती नक्की हो म्हणेल. वॉचमनची दुआ, त्याचं ते बनियनसारखं स्वेटर. कोण नाही म्हणेल? पण असं हो म्हणवून घेणं म्हणजे तिच्या हातातून काढून घेणंच. अब्बांनी माझ्या हातातून शाल काढून घेतली होती, तीही चांगल्याच कामासाठी.

*

दुसऱ्या दिवशी ती आली. मी तिला स्टुलावर बसवलं आणि उभी राहूनच सांगितलं, कोट इथे नाही. वडिलांनी तो तुमच्या मिस्टरांच्या नावानं एका गरजू माणसाला दिला.

तिचा चेहरा हलला नाही. "माझ्या नवऱ्याच्या नावानं. त्यांना न विचारता."

"शोधलं होतं खूप. तुमच्या घराला कुलूप होतं. आमच्यात असं आहे, की मालक सापडायची आशा नसेल तर त्याची वस्तू त्याच्या नावानं..."

"तुमच्यात असेल," ती म्हणाली. "कोट आमच्यातला होता."

तिचं बोलणं बरोबरच होतं.

"अजून सगळं सांगून झालं नाही," मी म्हटलं. "मालक परत आला तर निकाल त्याचा. आता तो निकाल तुमचा आणि तुमच्या मुलाचा. तुम्ही मान्य केलं तर ते दान त्यांचं. नाही केलं तर त्याची भरपाई माझ्यावर. तुम्ही सांगाल ती, सांगाल तशी. आणि नाही म्हणालात तर त्यात वाईट काही नाही. मला राग येणार नाही."

"कोट मात्र नाही मिळणार."

"तो ज्याला दिलाय त्याचा झाला."

"कोण आहे तो?"

"ते नाही सांगणार."

"का? मी काय त्याच्या अंगावरून ओरबाडणार आहे?"

"त्याला बघितलंत तर तुम्हाला हो म्हणावं लागेल," मी म्हटलं. "तसलं हो मला नको आहे. माझ्या वडिलांनाही चालणार नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. माझ्या विद्यार्थ्यांकडे मी कॉपी पकडताना बघते तसं.

"तुम्ही विचित्र माणसं आहात," ती शेवटी म्हणाली. उठली, स्टूल जागच्या जागी सरकवलं आणि हो नाही काहीच न बोलता बाहेर पडली.

शाळा सुटायची वेळ होती. रस्त्यावर रिक्षा, सायकली, मुली. ती कडेला उभी राहिली, तिला पलीकडे जायचं होतं. मी काचेला नाक लावून बघत होते. इकडून जाऊ नका, असं मनात म्हणत होते. वॉचमननं तिला बघितलं. शिट्टी मारून त्यानं गाड्या अडवल्या, रस्त्याच्या मधोमध आला आणि डावा हात आडवा धरून तिला वाट करून दिली. ती निघाली आणि मध्येच थांबली. तिची नजर त्या बाहीवर होती.

एका रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. वॉचमन अदबीनं म्हणाला असावा, चला आजी, कारण त्याचे ओठ हलले. ती चालू लागली. पलीकडे पोचल्यावर तिनं वळून बघितलं नाही.

त्यानंतर ती आली नाही. एक दिवस, दोन दिवस. माझी सुट्टी संपत आली. चाचा रोज येऊन विचारत, "आली का गं टायपिंगवाली?" आणि मी मान हलवली की सुस्कारा टाकत. मी तिच्या घरी जाऊ शकले असते, पत्ता तिनंच सांगितला होता. पण तिच्या दारात उभी राहिले असते तर तेसुद्धा मागणंच झालं असतं. मी फळ्या पुसल्या, सुया डबीत लावल्या, परत काढल्या, परत लावल्या. अब्बांच्या गादीवर बसायचं धाडस मात्र होत नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी ती आली. या वेळी चप्पल बाहेर काढून. मुठीत काहीतरी होतं, ते तिनं शिवणाच्या पाटावर ठेवलं. कागदाच्या पुडीत एक गडद राखाडी बटण.

"त्याचं खालचं बटण लटकतंय," ती म्हणाली. "आणि वरचं कुणीतरी भलतंच लावलंय, काळं. हे मूळचं आहे. कोट शिवला तेव्हा शिंप्यानं जादाचं दिलं होतं, माझ्या दोऱ्यांच्या डब्यात पडून होतं. ते काळं काढा आणि हे लावा. बघवत नाही."

"म्हणजे तुम्ही..."

"मुलाला फोन केला होता. तो म्हणाला, आई, कसला कोट?" ती जराशी हसली. "त्याला आठवतसुद्धा नाही. तेव्हा आता काय ते मीच. दिला म्हणा. त्यांनी दिला. तुमच्या वडिलांनी सांगितलं तसंच."

"तुम्ही त्याला बघितलंत म्हणून म्हणत असाल तर..."

"बघितलं त्या दिवशी घरी जाऊन खूप चिडले. चार दिवस चिडूनच होते," ती म्हणाली. "हे आजचं आहे." मग माझ्याकडे बघून, "तुम्हाला कशाला रडू येतंय? कोट माझा गेलाय."

मी तिला चहा विचारला. तिनं घेतला, साखर कमी आहे म्हणाली आणि दारातून बाहेर पडताना थांबून विचारलं, "खरंच कळत नाही हो ते भोक. मी एवढ्या जवळून बघितलं. नक्की डावीच बाही ना?"

"डावीच," मी म्हटलं.

वॉचमनला बोलावून मी कोट उतरवून घेतला. बाहेर जाऊन थांब म्हटलं, थंडी आहे ताई म्हणाला, तर त्याला अब्बांची घोंगडी दिली आणि स्वयंपाकघरात चुलीजवळ बसवलं. आतून त्याच्या खोकण्याचा आणि कपबशीचा आवाज येत होता.

मग मी अब्बांच्या गादीवर बसले. गादी मधोमध खोल होती, बसल्यावर मी आपोआप त्यांच्याच जागी सरकले. सुई उजेडाकडे धरली. भोक खरंच बारीक होतं. काळं बटण उसवून काढलं, राखाडी लावलं, मागून दोरा घट्ट गुंडाळून गाठ मारली. लटकणारं बटणही पक्कं केलं. कोट मांडीवर तसाच राहू दिला आणि डाव्या बाहीवर हात ठेवला.

"अब्बा," मी मोठ्यानं म्हणाले. खोलीत कुणी नव्हतं. "तुम्ही विचारलं होतं ना, तुझा काही हक्क राहिलाय का. राहिला होता. अम्मीची शाल. ती माझीपण होती आणि तुम्ही मला विचारलं नाही. मला फार राग होता त्याचा. आता ती मी दिली, अब्बा. त्या बाईला, अम्मीच्या नावानं. मी दिली."